बॅटरी ८० वर थांबवायची तर

उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये लेथशेजारी माझा थिंकपॅड लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असतो. सतत १०० टक्के भरलेली लिथियम बॅटरी लवकर थकते, म्हणून मी ती ८० वर थांबवतो. हे काम एम्बेडेड कंट्रोलरचं, म्हणजे लॅपटॉपच्या बोर्डावरल्या छोट्या चिपचं. लॅपटॉपवरची ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्स, त्याच्याशी 'थिंकपॅड_एसीपीआय' (thinkpad_acpi) ड्रायव्हरमार्फत बोलते.

आधी टर्मिनलमध्ये 'एलएसमॉड' (lsmod) कमांडनं ड्रायव्हर लोड झालाय का बघा. बहुतेक डिस्ट्रोंत, म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्यांत, असतोच. कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः कंपाइल करत असाल तर मेनूकॉन्फिग या त्याच्या सेटिंग्जच्या मेनूत डिव्हाइस ड्रायव्हर्स, मग एक्स८६ प्लॅटफॉर्म, तिथं थिंकपॅड एसीपीआय लॅपटॉप एक्स्ट्राज. त्यापुढं 'एम' करा, म्हणजे ड्रायव्हर वेगळं मॉड्यूल म्हणून तयार होतो. मॉड्यूल काढून परत लावता येतं, मला तेच सोयीचं पडतं.

आता सिसएफएसमध्ये (/sys, इथं कर्नल हार्डवेअरची माहिती फाइलींसारखी दाखवतं) पॉवर सप्लायखाली, बॅटरीच्या फोल्डरात, 'चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड' (charge_control_end_threshold) ही फाइल शोधा. सापडली नाही तर इथंच थांबा, डीमेसेज (dmesg, कर्नलच्या संदेशांची नोंद) नीट वाचा. सापडली तर रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन तिच्यात ८० लिहा. शेजारच्या स्टार्टवाल्या फाइलीत ७५, म्हणजे त्याखाली उतरल्यावरच चार्जिंग परत सुरू होतं. बॅटरी आधीच ९५ वर असेल तर आकडा लगेच उतरत नाही, घाबरू नका. चार्जर काढून थोडं काम करा.

याच ड्रायव्हरमधून लॅपटॉपचा पंखाही हातानं चालवता येतो, पण ती सोय ड्रायव्हरनं मुद्दाम बंद ठेवलीय. मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली उभं राहून बघा, ती मी का उघडत नाही ते कळेल.