घराचं वर्ष भिंतीवर कसं आणावं: धावपळीच्या कुटुंबासाठी वर्षभराचं नियोजन

मराठी घरात एकाच वेळी चार वर्षं चालू असतात. सणवारांचं वर्ष पाडव्याला सुरू होतं आणि तिथीने चालतं. बँक, कर आणि घरपट्टीचं एप्रिल ते मार्च. राज्य मंडळाची शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात उन्हामुळे जरा उशिरा. शेजारच्या सीबीएसईवाल्या मुलाची मात्र एप्रिलमध्येच सुरू झालेली असते. चौथं वर्ष पावसाचं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात यातली तीन-चार वर्षं एकमेकांवर आदळतात: वह्या-पुस्तकं, रेनकोट, दाखले, गळणारी गच्ची, फीचा हप्ता, आणि गावाहून आलेली आंब्याची पेटी जिचं आजच काहीतरी करायला हवं.

बहुतेक घरांत ही चारही वर्षं एकाच बाईच्या डोक्यात असतात. ती चार दिवस माहेरी गेली की फोन सुरू होतात: गॅसचं पुस्तक कुठंय, लसीची तारीख कधी होती, वर्गणी दिली का. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा हेतू एकच आहे, तिच्या डोक्यातलं वर्ष सगळ्यांना दिसेल असं बाहेर काढणं.

पायरी १: कॅलेंडर एकच, आणि पेन दोरीने बांधलेलं

भिंतीवरचं, मोठ्या चौकोनांचं कॅलेंडर घ्या. १९७३ साली जयंत साळगावकरांनी सुरू केलेलं कालनिर्णय असो की दुकानदाराने फुकट दिलेलं, तिथी, चतुर्थी, एकादशी छापलेली असली म्हणजे झालं. फोनमधलं कॅलेंडर वाईट नाही, पण ते ज्याच्या खिशात त्यालाच दिसतं. आजोबांना आणि तिसरीतल्या मुलीला नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी लावा, कारण तिथून सगळेच दिवसातून दहादा जातात. पेन बांधूनच ठेवा. सुटं पेन त्या खिळ्याजवळ टिकत नाही, हा सार्वत्रिक अनुभव.

दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, मावशींची रजा हे आपण चौकोनात लिहितोच. त्याच सवयीत भर घालायची आहे. प्रत्येकाला वेगळा रंग ही कल्पना दिसायला छान, पण फेब्रुवारीपर्यंत हिरवं पेन संपतं. त्यापेक्षा नावाचं पहिलं अक्षर पुरतं.

पायरी २: चारही वर्षं उतरवून काढा

एखादी रविवारची दुपार, चहा, आणि घरातले सगळे. सुरुवात तिथीच्या गोष्टींपासून करा, कारण त्याच जागा बदलतात. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. ‘गेल्या वर्षी साधारण याच सुमारास’ हा अंदाज म्हणूनच फसतो, आणि नेमका रजेच्या अर्जात फसतो. श्राद्धतिथी, कुलदैवताची जत्रा, घरातली मंगळागौर हेही याच फेरीत लिहा.

मग शाळा: सत्र परीक्षा, पालकसभा, स्नेहसंमेलन, दिवाळीची सुट्टी. शाळेचं परिपत्रक आलं की त्याच संध्याकाळी कॅलेंडरवर चढवायचं. ग्रुपवर आलेली सूचना ‘सुप्रभात’च्या फुलांखाली दोन दिवसांत गाडली जाते.

पैशांच्या तारखा कंटाळवाण्या, पण चुकल्या तर दंड. पगारदारांचं प्राप्तिकर विवरणपत्र (सहसा ३१ जुलै), आयुर्विम्याचे हप्ते, घरपट्टी, गाडीचा विमा, पीयूसी. घरात पेन्शनर असतील तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. केंद्र सरकारच्या ऐंशीच्या पुढच्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि नोव्हेंबरातल्या बँकेतल्या गर्दीत आजींना उभं करण्यापेक्षा ते बरं.

पावसाची कामं मोजकी: गच्ची, पन्हळ, खिडक्यांच्या फटी, इन्व्हर्टरचं पाणी, छत्र्या. ती मेच्या पहिल्या आठवड्यात लिहा. जूनमध्ये वॉटरप्रूफिंगवाला फोन उचलत नाही.

पायरी ३: शेवटची तारीख लिहिलीत, आता सुरुवातीची लिहा

सगळ्या नियोजनात खरं काम ही पायरी करते, तेव्हा इथे जरा वेळ घालवा. कॅलेंडरवर ‘गणपती’ लिहिलेलं असून काही उपयोग नाही. उपयोगाची तारीख त्याच्या कितीतरी आधीची असते.

कोकणात जाणाऱ्यांचंच घ्या. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. २०२६ मध्ये १२ सप्टेंबरच्या गाडीने निघायचं ठरवलं, तर आरक्षण १४ जुलैला सकाळी ८ वाजता सुरू होणार, आणि कोकणच्या गाड्या त्या दिवसांत काही मिनिटांत भरतात. म्हणजे कॅलेंडरवर तीन नोंदी हव्यात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ‘कोण कोण जाणार, ठरवा’. १३ जुलैला ‘लॉगिन चालतंय का बघा, प्रवाशांची नावं-वयं भरून ठेवा’. १४ जुलैला ‘तिकीट, स.’ म्हणजे सचिन, सुलभा, घरात जो कोणी ‘स’ असेल तो. परतीच्या प्रवासाची तारीख वेगळी उघडते, ती चौथी नोंद. जाताना तिकीट असून येताना पनवेलपर्यंत उभं राहून आलेली कुटुंबं काही कमी नाहीत.

तसंच कुरडयांचं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी चीक काढायचा, मग तो निवळू द्यायचा, शिजवायचा आणि कडक ऊन असताना सोऱ्याने घालायच्या. एवढे दिवस मुलांच्या परीक्षा संपल्यानंतरचे, वळवाच्या पावसाआधीचे आणि निदान दोन माणसं घरी असलेले हवेत. असा आठवडा एप्रिलमध्ये एखादाच निघतो. तो मार्चमध्येच कॅलेंडरवर घेरून ठेवा. निघत नसेल तर बचत गटाकडून कुरडया विकत घ्या आणि मनाला लावून घेऊ नका. वर्षाचे गहू-तांदूळ भरणारी घरं आता कमी झालीत. भरत असाल तर धान्याला ऊन दाखवायचे दिवसही याच आठवड्याला जोडून घ्या.

दिवाळीची साफसफाई, फराळ, शिंप्याकडची शिलाई, लग्नसराईतलं कार्यालय, मुलाची दहावी: प्रत्येकाला हाच प्रश्न विचारा. हे पार पडायचं तर पहिला फोन कधी करायला हवा? ती तारीख कॅलेंडरवर गेली पाहिजे.

पायरी ४: कागदांची एक पिशवी, आणि तिच्यावर एक पान

माणशी एक पारदर्शक फोल्डर, सगळे एका झिपच्या पिशवीत, पिशवी एका ठरलेल्या कपाटात. पिशवीच्या वर एक पान: कशाची मुदत कधी संपते. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. मुलांच्या आधारचे बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद पाचव्या आणि पंधराव्या वर्षी नव्याने द्यावी लागते. लसींत पाचव्या वर्षाचा डीपीटीचा डोस बहुतेकांच्या लक्षात राहतो. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस असते, तोवर लसीकरणाचं कार्ड हरवलेलं असतं. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची. तिच्यावरचं साल वाचून पानावर उतरवा.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर आर्थिक वर्षाला बांधलेले असतात, मुदत ३१ मार्चला संपते. म्हणून घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर नवे दाखले एप्रिलमध्ये, निकालाआधी काढा. निकालानंतर सेतू केंद्रात सगळा तालुका उभा असतो. कागदांचे फोटो काढून डिजिलॉकरमध्ये किंवा निदान दोघांच्या फोनमध्ये ठेवा. फक्त एकाच्या फोनमध्ये ठेवलेत तर आपण पुन्हा होतो तिथेच आलो.

पायरी ५: वर्षाचे मोठे खर्च बाराने भागा

जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन महिने घराचं कंबरडं मोडतात. यावर साधा हिशेब आहे. शाळेची फी, विम्याचे सगळे हप्ते, घरपट्टी, दिवाळी, गावची वर्गणी, गाडीचं सर्व्हिसिंग यांची बेरीज करा. समजा ९६,००० रुपये आली, तर महिना ८,००० बाजूला पडले पाहिजेत. पगाराच्या दुसऱ्या दिवशी, वेगळ्या खात्यात किंवा आवर्ती ठेवीत. ‘उरले तर टाकू’ म्हटलं की उरत नाहीत. पहिल्या वर्षी रक्कम पुरी पडणार नाही, कारण निम्मे खर्च आठवलेलेच नसतात. आठवतील तसे यादीत वाढवा.

पायरी ६: रविवारी वीस मिनिटं

कॅलेंडर लावून मोकळे झालात तर मार्चपर्यंत ते फक्त भिंतीची शोभा होतं. रविवारी रात्रीच्या जेवणानंतर, ताटं उचलायच्या आधी, येत्या आठवड्याचे सात चौकोन मोठ्याने वाचा. वाचायचं काम मुलाकडे द्या. प्रत्येक कामाला एक नाव लावा. ‘बघू’, ‘करू आपण’, ‘कोणीतरी आणेल’ ही उत्तरं चालणार नाहीत.

ज्याचं नाव लागलं त्याच्याकडे ते काम अथपासून इतिपर्यंत. बाबांकडे सोमवारचा भाजीबाजार दिला, तर काय संपलंय ते बघणं, पिशव्या नेणं आणि कोथिंबीर निवडून ठेवणंही बाबांचं. यादी आईने करायची आणि बाबांनी फक्त आणायची, याला वाटणी म्हणत नाहीत. पहिले काही रविवार मेथीऐवजी शेपू येईल. येऊ द्या, शेपूचीही भाजी होते.

सासू-सासरे घरात असतील तर त्यांना कामं ‘दिली’ असं वाटू न देता विचारून घ्या. तिथ्या, नातेवाइकांची वाढदिवसांची यादी, बँकेतली कामं अनेक आजोबांना मनापासून आवडतात. आणि मुलांच्या चौकोनात आठवड्यातली एक संध्याकाळ कोरी राहील असं बघा. क्लासवाले ती भरायला टपलेले असतातच.

पायरी ७: डिसेंबरात कॅलेंडर उतरवण्याआधी

नवं कॅलेंडर आलं की जुनं लगेच रद्दीत टाकू नका. दोन्ही शेजारी ठेवून महिन्यामागून महिना उतरवा. वाढदिवस, विमा, पीयूसी जशाच्या तशा तारखेला. सण, श्राद्ध, जत्रा नव्या कॅलेंडरात तिथी शोधून. ‘पहिला फोन’च्या तारखा त्या हिशेबाने हलवा. कुठल्या कामाला तुम्ही दिलेला वेळ कमी पडला, हे जुन्या पानावरच्या खाडाखोडीत दिसतं; तिथे या वर्षी आठवडाभर आधीची तारीख लिहा. जुनं कॅलेंडर मात्र जुलैअखेरपर्यंत कपाटाच्या आतल्या बाजूला टांगून ठेवा. विवरणपत्र भरताना आणि दूधवाल्याशी हिशेब करताना ते लागतं.