सोलर-बॅटरीच्या इन्व्हर्टरला जनरेटर जोडताय? या चुका टाळा

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोदा शहरात शिरलं तेव्हा आमच्या कारेलीबागेतल्या गल्लीत दोन दिवस लाईट नव्हती, आणि धाब्यावर (गच्चीवर) सोलर असलेली घरंसुद्धा अंधारातच होती. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांनी बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर घेतला, काहींनी त्याच्या जोडीला जनरेटरपण आणला, कारण पावसाळ्यात सलग तीन दिवस ऊन नसलं की बॅटरी भरणार कशाने. कल्पना चांगलीच आहे, पण हे जोडताना होणाऱ्या चुका मी इतक्या घरांत पाहिल्यात की आता लिहूनच काढतोय.

आधी साध्या ऑनग्रीडवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांचं सोलर थेट वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं आहे. पीएम सूर्यघरची ७८ हजारांची सबसिडी घेऊन ३ किलोवॅट बसवलं आणि त्यात बॅटरी नसेल तर लाईट गेली की तुमचं सोलर बंद होणारच, तो बिघाड नाहीये. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या धाब्यावरून शॉक लागू नये म्हणून तो इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. मग कोणीतरी डोकं चालवतं की जनरेटर चालू करून घराला दिला की इन्व्हर्टरला वाटेल लाईट आली आणि सोलरपण चालू होईल. कृपा करून हे करू नका.

समा भागात माझ्या मावशीकडे नेमकं हेच झालं. ५ केव्हीएचा जनरेटर, दुपारचं कडक ऊन, घरात फक्त फ्रिज आणि पंखे. सुरुवातीला सोलर पकडतच नव्हतं, कारण कमी लोडवर जनरेटरची फ्रिक्वेन्सी ५२ हर्ट्झच्या आसपास जाते आणि आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ऑनग्रीड इन्व्हर्टरने ५०.५ च्या वर गेलं की ०.२ सेकंदात सुटायचं असतं. वायरमनने काय केलं तर थ्रॉटलचा स्क्रू फिरवून स्पीड कमी केला, मग मिनिटभराने सोलर पकडलं आणि अडीच किलोवॅट टाकायला लागलं, पण घरात खाणारं कोणी नाही, मग ती उरलेली वीज जाणार कुठे, तर उलटी जनरेटरमध्ये. इंजिनचा आवाजच बदलला, स्पीड चढला, सोलर सुटलं, मिनिटाने परत पकडलं, परत सुटलं, असं सात-आठ वेळा होईपर्यंत जनरेटरचा एव्हीआर (व्होल्टेज सांभाळणारं सर्किट) जळून गेला. ग्रिड, म्हणजे वीज कंपनीचं जाळं, कितीही वीज गिळू शकते, जनरेटर वीज परत घेऊच शकत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तर पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतील.

आता हायब्रीड. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मेन लाईनला चेंजओव्हर (लाईन की जनरेटर हे निवडणारा स्विच) लावून जनरेटर इन्व्हर्टरच्या ग्रिडच्या टर्मिनलवर आणणं. इन्व्हर्टरला कळतच नाही की समोर जीईबीची (वीज कंपनीची) लाईन नसून जनरेटर आहे, आणि एक्सपोर्ट चालू असेल तर तो बिचारा ऊन आलं की वीज विकायला लागतो, म्हणजे परत मावशीचीच गोष्ट. तुमच्या मॉडेलला जनरेटरचं वेगळं टर्मिनल असेल तर तेच वापरा. पण नुसती वायर तिथे लावून होत नाही, काही मॉडेलमध्ये तेच टर्मिनल जास्तीच्या लोडसाठी किंवा जुना सोलर इन्व्हर्टर जोडायलाही वापरतात, त्यामुळे सेटिंगमध्ये जाऊन ते जनरेटर इनपुटवर आहे का ते स्वतः बघा. वेगळं टर्मिनल नसेल तर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये जनरेटर चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय जोडू नका.

जुनं ऑनग्रीड ठेवून त्यात नंतर बॅटरी इन्व्हर्टर घातला असेल तर अजून एक गोष्ट आहे. लाईट नसताना बॅटरी भरली की तो इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी वाढवून जुन्या सोलरला गप्प करतो, पण जनरेटर चालू असताना फ्रिक्वेन्सी जनरेटरच्या हातात असते, म्हणून तेव्हा जुनं सोलर कॉन्टॅक्टर (आपोआप चालणारा स्विच) टाकून पूर्ण वेगळंच करावं लागतं.

जनरेटर चालू आहे, व्होल्टेज येतंय, तरी इन्व्हर्टर घेत नाही, ही तक्रार तर दर पावसाळ्यात येते. मल्टीमीटरवर फ्रिक्वेन्सी मोजा. रिकामा ५२ आणि लोडवर ५० हे नॉर्मल आहे, त्यासाठी जनरेटर इनपुटची रेंज थोडी मोठी करायची. ग्रिडची रेंज मात्र तशीच ठेवायची, तिथे हात लावायचा नाही! थ्री फेज असेल तर फेजचा क्रम उलटा लागलाय का तेपण बघा.

आणि इन्व्हर्टर जनरेटर घेतो, मग जनरेटरच दोन मिनिटांत गुदमरून बंद पडतो? हा जवळपास नेहमी चार्जिंग करंटचा घोळ असतो. हिशोब सोपा आहे. ५ केव्हीए गुणिले ०.८ (पॉवर फॅक्टर) म्हणजे ४ किलोवॅट, सतत चालवायचा तर त्याच्या ८० टक्के, म्हणजे ३.२ च्या वर नको. घराचा लोड १ किलोवॅट धरला तर बॅटरीला उरले २.२, आणि ५१.२ व्होल्टच्या बॅटरीला त्यात साधारण ४० अँपियर बसतात. सेटिंगमध्ये मात्र १०० अँपियर असतं, म्हणजे ५ किलोवॅटच्या वर, मग तो गुदमरणार नाही तर काय! जनरेटरचा चार्जिंग करंट वेगळा सेट करायची सोय बहुतेक हायब्रीडमध्ये असते. पण घाबरून १० अँपियरपण ठेवू नका, डिझेल इंजिन तासन्‌तास अगदी कमी लोडवर चालवलं की त्यात काजळी धरते. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भरून बंद करा, वरचं ऊन भरेल.

न्यूट्रलकडे कोणी बघतच नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. छोट्या पेट्रोल जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा कशालाच जोडलेला नसतो, टेस्टर दोन्ही तारांवर मंद पेटतो, आणि अशा वेळी घरातला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) शॉक लागला तरी पडेल याची खात्री नाही. न्यूट्रल आणि अर्थ एकाच ठिकाणी जोडलेले हवेत, दोन ठिकाणी झाले तर आरसीसीबी उगाच पडत राहतो. चेंजओव्हरमध्ये न्यूट्रलपण तुटला पाहिजे, म्हणजे सिंगल फेजला दोन पोल, थ्री फेजला चार. हे लायसनवाल्या माणसाकडूनच करून घ्या, आणि दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर सॉकेटमध्ये घालून घराला करंट देणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. मेन स्विच चुकून चालू राहिला तर तो करंट ट्रान्सफॉर्मरमधून उलटा जाऊन ११ हजार व्होल्ट होतो, आणि तिकडे पावसात कोणीतरी खांबावर चढलेला असतो.

जनरेटर कधीच बेसमेंटमध्ये नको. पाणी आलं की पहिला तोच बुडतो, आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, खिडक्या बंद करून झोपलेल्या माणसाला कळतपण नाही. उंच ओटा, मोकळी हवा, आणि सायलेन्सरचं तोंड खिडक्यांपासून लांब.

महिन्यातून एकदा तरी मेन बंद करून जनरेटर पंधरा-वीस मिनिटं लोडवर चालवून बघा, नुसता रिकामा नाही. पूर आला त्या दिवशी शेजारच्या काकांचा सेल्फ स्टार्टच लागला नाही, छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली, बाकी सगळं एकदम नवीन होतं.