फिश टँकचा तळ : वाळू आणण्याआधीची तयारी

दुकानात जाण्याआधी मासे ठरवा. बहुतेक जण खडे रंगावरून उचलतात आणि मग माशांचा विचार करतात. फिल्टर, दिवा, झाडं पुढे कधीही बदलता येतात; तळ, म्हणजे खाली पसरलेली वाळू किंवा खडे, बदलायचा तर अख्खा टँक उपसावा लागतो आणि त्यात हाल माशांचे होतात.

कोरीडोरास किंवा कुहली लोच असे तळाशी वावरणारे मासे ठेवायचे असतील तर बारीक, गोलसर कणांची वाळूच हवी. कोरीडोरास वाळूत तोंड खुपसतो, त्यातलं खाणं वेचतो आणि वाळू कल्ल्यांतून सोडून देतो. काचेजवळ बसून पाहिलंत तर गालांमागून तिची बारीक धार पडताना दिसते. टोकदार, गाळ साचलेल्या खड्यांवर याच माशाच्या मिशा झिजतात. गोल्डफिश खडे तोंडात घोळवतो आणि मटाराएवढा खडा घशात अडकू शकतो, म्हणून त्याला एक तर वाळू, नाहीतर तोंडात मावणारच नाहीत असे गोटे. गप्पी, टेट्रा यांचं फारसं काही म्हणणं नसतं. त्यांच्यासोबत झाडं लावायची तर २-३ मिलिमीटरचे खडे सोयीचे. तळाखालचा जाळीचा फिल्टर असेल तर मात्र वाळू नको, जाळी बुजते.

बांधकामाची क्रश सँड आणू नका. कण धारदार असतात आणि भुकटी संपता संपत नाही. समुद्राची वाळूही नको, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूचा मोह होतो, पण तिच्यातले लोहयुक्त कण काच पुसायच्या चुंबकाला चिकटतात आणि काचेवर ओरखडे पडतात. रंगवलेले खडे मला मुळीच पसंत नाहीत. घ्यायचेच असतील तर पांढऱ्या बादलीत काही दिवस भिजवून रंग सुटतो का ते आधी बघा.

खड्यांची परीक्षा घरीच होते. कोरड्या खड्यांवर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाका आणि डोळे जवळ नेऊन पाहा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. तो हळूहळू पाण्यात विरघळून पाणी जड करतो. मलावी सिक्लिडना ते मानवतं, निऑन टेट्रांना नाही. व्हिनेगर सौम्य असतं, त्यामुळे शंका उरली तर खडे आठवडाभर पाण्यात ठेवा आणि त्या पाण्याचा पीएच व जडपणा नुसत्या पाण्याशी ताडून बघा.

झाडांचं वेड असेल तर ॲक्वासॉइल, म्हणजे पाण्यातल्या झाडांसाठीची गोळ्यांच्या रूपातली पोषक माती. ती धुवायची नाही, नाहीतर गोळ्यांचा चिखल होतो. बऱ्याच ॲक्वासॉइल सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडतात, म्हणून माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासे सोडायचे नाहीत. जड बोअरच्या पाण्यात तिची पीएच उतरवण्याची ताकद लवकर संपते. तिथे साधे खडे आणि मुळांशी खताच्या गोळ्या हाच शहाणपणाचा खर्च. जावा फर्न आणि अनुबियासला तर तळ लागतच नाही, ती लाकडाला बांधायची.

हिशोब आधीच करा. २ फूट लांब, १ फूट रुंद टँकमध्ये ५ सेंटिमीटर थर द्यायला ९ लिटर, म्हणजे साधारण १४-१५ किलो वाळू लागते. टँक १ फूट उंच असेल तर पाणी आणि काच धरून वजन ७० किलोच्या घरात जातं. स्टँड ते पेलेल का, हे आजच बघा.

वाळू थोडी थोडी घेऊन, पाणी नितळ निघेपर्यंत बादलीत हाताने ढवळून धुवा. साबण अजिबात नको. समोर ३-४ आणि मागे ६-७ सेंटिमीटर असा उतार द्या. वर ताटली ठेवून तिच्यावर पाणी सावकाश ओता, गढूळपणा बसेपर्यंत फिल्टर बंद ठेवा. ओळखीत कुणाचा निरोगी, चालू टँक असेल तर त्यातले मूठभर न धुतलेले खडे जाळीच्या पिशवीत मागून आणा. त्यांच्यावर अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू असतात. आणताना ते ओले राहतील एवढं टँकचंच पाणी सोबत घ्या आणि पिशवी फिल्टरच्या प्रवाहात टांगा. तोवर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवलेलं असलं पाहिजे, नाहीतर तेच जिवाणू मरतील.