अलंकार ओळखायचे तर 'जणू' आणि 'सारखा' शोधत बसू नका

क्लासमधे अलंकार बहुतेक असे शिकवतात की 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, ठोका आणि पुढचा प्रश्न घ्या. बऱ्याचदा चालूनही जातं. पण एखादा पेपर काढणारा खट निघतो आणि 'दोघे भाऊ सारखेच उंच' असं वाक्य टाकतो, तिथे कसली आलीय उपमा, नुसती उंची मोजलीय. उपमेला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात.

म्हणून आधी एवढंच बघायचं, बोलणं कशाबद्दल चाललंय (ते उपमेय) आणि त्याला कशाशी ताडून बघितलंय (ते उपमान). ही जोडी सापडली की मग त्या दोघांचं आपसात काय चाललंय त्यावर नाव ठरतं. डोळे उपमेय आणि तळं उपमान धरू.

'तिचे डोळे तळ्यासारखे खोल' ही सरळ उपमा, खोलपणा दोघांत कॉमन म्हणून तो साधारण धर्म, आणि 'सारखे' हा साम्यवाचक शब्द. 'तिचे डोळे जणू दोन तळीच' म्हटलं की उत्प्रेक्षा, कारण आता नुसतं साम्य नाही, डोळे म्हणजे तळीच असावीत अशी कल्पना केलीय. 'तिच्या डोळ्यांच्या तळ्यात तो बुडाला' हे रूपक, आणि इथे क्रियापदाकडे नीट बघा. बुडतात ते तळ्यात, डोळ्यात कोण बुडतंय? तळ्याचं क्रियापद डोळ्यांना बिनधास्त लावलंय म्हणजे दोन्ही एकच मानलेत, मधे 'जणू' पण नाही आणि 'सारखं' पण नाही. 'हे डोळे नव्हेत, तळीच ही' यात उपमेयाला चक्क नाकारलं, म्हणून अपन्हुती. 'तळ्याहून खोल तिचे डोळे' म्हणजे उपमेय वरचढ, व्यतिरेक. आणि 'तिच्या डोळ्यांसारखे तिचेच डोळे' हा अनन्वय, इथे 'सारखे' असूनही उपमा नाही, कारण उपमान म्हणून दुसरं काही सापडलंच नाही. ट्रिकवाले हमखास इथेच आपटतात.

ससंदेह आणि भ्रान्तिमान यात गोंधळ होतो तो असा सोडवा: 'हे डोळे की तळी?' इथे मन अजून डळमळतंय, तो ससंदेह, पण तळं समजून एखादं हरीण पाणी प्यायला पुढं आलं तर भ्रम पक्का झाला आणि त्यावर कृतीही झाली, तो भ्रान्तिमान. (हरणाने असं करायला डोळे केवढे असायला हवेत ते विचारू नका.)

एवढी नावं बघून घाबरू नका, भरतमुनींच्या नाट्यशास्त्र या जुन्या संस्कृत ग्रंथात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत, नंतरच्या पंडितांनी बारकावे काढत काढत यादी शंभराच्या वर नेली.

आता शब्दालंकार, म्हणजे ज्यांची गंमत अर्थात नाही, नेमक्या त्या शब्दात असते (वरचे सगळे अर्थालंकार). इथे जोड्या शोधायच्या नाहीत, शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घालून बघायचा. 'कितीही द्या, सरकारचा कर पुढेच' यात कर म्हणजे टॅक्सही आणि हातही, म्हणून श्लेष. 'कर' काढून 'हात' घाला, गंमत खलास. मग तो शब्दश्लेष. अनुप्रास (एकच अक्षर पुन्हा पुन्हा येणं) आणि यमक (तीच अक्षरं ठरावीक जागी पुन्हा येणं) यांचंही तेच, शब्द बदलला की नाद गेला. उलट 'डोळे' ऐवजी 'नयन' लिहिलं तरी वरची उपमा तशीच राहते, कारण ती अर्थावर उभी आहे.

एकाच ओळीत दोन अलंकार आले तरी हीच टेस्ट लावा. 'काकूंचे केस कापसासारखे' यात क चा अनुप्रास आहे आणि उपमाही आहे. काकूंच्या जागी चुलती आणली तर अनुप्रास पातळ होतो, केस आणि कापूस मात्र जागेवरच, त्यामुळे ऑप्शनमधे दोन्ही असतील तर मी उपमेवरच टिक करेन.