सिम्युलेशन खेळांसाठी व्हीआर हेडसेट: निवड आणि मांडणी

व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट निवडण्याविषयी जो सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो, तो विमान, रेसिंग कार किंवा ट्रक चालवण्याच्या सिम्युलेटरला अर्धाच लागू पडतो. इतर व्हीआर खेळांत माणूस खोलीभर फिरतो, हात हलवतो, वाकतो, वळतो. त्यामुळे तेथे वायरलेस जोडणी आणि हातातल्या कंट्रोलरची अचूकता यांना महत्त्व असते. सिम्युलेटरमध्ये खेळाडू खुर्चीत बसलेला असतो, त्याचे हात स्टिअरिंगवर किंवा जॉयस्टिकवर असतात आणि त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: हातभर अंतरावरच्या मापकाचा आकडा वाचता यावा आणि दूरची ब्रेकिंगची पाटी किंवा धावपट्टी वेळेत दिसावी. हेडसेट निवडताना आणि मांडणी करताना प्रत्येक निर्णय या दोन गरजांवर तपासून घेतला, तर जाहिरातीतले बरेचसे आकडे आपोआप दुय्यम ठरतात.

निवडीची सुरुवात हेडसेटपासून न करता संगणकापासून करावी. मेटा क्वेस्ट ३ च्या प्रत्येक डोळ्यासमोर २०६४ गुणिले २२०८ पिक्सेल असतात, म्हणजे दोन्ही डोळ्यांचे मिळून सुमारे ९१ लाख. ४के मॉनिटरचे पिक्सेल सुमारे ८३ लाख भरतात. भिंगांमुळे चित्र वाकते, ते सरळ दिसावे म्हणून संगणकाला ते आधी उलट दिशेने वाकवावे लागते आणि या प्रक्रियेत तपशील हरवू नये यासाठी चित्र पडद्याच्या क्षमतेपेक्षा मोठे तयार करावे लागते. शिवाय ९० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९० चित्रे दाखवताना, एक फ्रेम (एक चित्र) तयार करण्यासाठी केवळ ११.१ मिलिसेकंद मिळतात. मॉनिटरवर एखादी फ्रेम उशिरा आली तर चित्र किंचित अडखळते, पण हेडसेटमध्ये तीच फ्रेम चुकली की डोके वळवताना सारे जग थरथरते आणि पोटात ढवळू लागते.

संगणकाचा कोणता भाग कमी पडतो आहे, हे हेडसेट विकत घेण्यापूर्वी मॉनिटरवरच तपासता येते. ज्या सिम्युलेटरसाठी हा खटाटोप आहे तो सुरू करावा, गर्दीचा प्रसंग निवडावा (मोठे विमानतळ किंवा गाड्यांनी भरलेली शर्यतीची सुरुवात) आणि मग रिझोल्यूशन निम्म्यावर आणून फ्रेमचा वेग पाहावा. तो स्पष्टपणे वाढला तर भार ग्राफिक्स कार्डावर आहे. जवळपास तेवढाच राहिला तर अडचण प्रोसेसरची आहे आणि ती महागड्या ग्राफिक्स कार्डाने सुटणार नाही. विमानांच्या सिम्युलेटरमध्ये दुसरी शक्यता बऱ्याचदा खरी ठरते, कारण त्यांचे पुष्कळ काम प्रोसेसरच्या एकाच मुख्य धाग्यावर, म्हणजे कामांच्या एकाच रांगेत, चालते. एएमडीचे एक्स३डी मालिकेतील मोठ्या कॅशेचे (प्रोसेसरमधल्या जलद स्मृतीचे) प्रोसेसर या वर्तुळात इतके लोकप्रिय आहेत ते याच कारणाने. लॅपटॉप असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी: काही लॅपटॉपमध्ये यूएसबी-सी पोर्ट मुख्य ग्राफिक्स कार्डाला न जोडता प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला असतो आणि अशा पोर्टवर डिस्प्लेपोर्ट (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र थेट नेणारी जोडणी) लागणारे हेडसेट सहसा चालत नाहीत.

आवडता खेळ व्हीआरमध्ये चालतो की नाही, हेही आधी पाहावे. डीसीएस वर्ल्ड, एक्स-प्लेन, आयरेसिंग, असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने आणि ऑटोमोबिलिस्टा २ यांत ही सोय आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ती डिसेंबर २०२० मध्ये आली. प्लेस्टेशन ५ वर मात्र प्रश्न सोपा आहे, कारण त्याच्यासाठी बनवलेल्या खेळांना प्लेस्टेशन व्हीआर २ हाच पर्याय आहे आणि ग्रॅन टुरिस्मो ७ त्यावर व्हीआरमध्ये खेळता येतो.

हेडसेट पारखताना

एकूण पिक्सेलपेक्षा दृष्टीच्या एका अंशात किती पिक्सेल बसतात, हा आकडा सिम्युलेटरसाठी अधिक उपयोगाचा आहे. निरोगी डोळ्याला अंशागणिक सुमारे ६० पिक्सेलपर्यंतचा तपशील जाणवतो. क्वेस्ट ३ मध्ये हा आकडा २५ च्या आसपास आहे आणि पायमॅक्स क्रिस्टलमध्ये ३५ च्या आसपास. हा फरक कागदावर लहान वाटतो, पण कॉकपिटमध्ये त्याचा अर्थ असा होतो की एका हेडसेटमध्ये रेडिओची वारंवारता वाचण्यासाठी पुढे झुकावे लागते आणि दुसऱ्यात पाठ टेकवूनच ती वाचता येते. दृष्टिक्षेत्र रुंद असले तर मान कमी वळवावी लागते हे खरे, पण तेवढेच पिक्सेल अधिक रुंद जागेत पसरले तर सूक्ष्म तपशील घटतो. म्हणून दोन्ही आकडे एकत्रच पाहावेत.

भिंगांचा प्रकार याइतकाच महत्त्वाचा आहे आणि खरेदीच्या वेळी त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. जुन्या पद्धतीच्या फ्रेनेल भिंगांत मध्यभाग तेवढा स्पष्ट असतो आणि कडा पुसट होतात, शिवाय काळोखात उजळ वस्तूंभोवती प्रकाशाची वलये दिसतात. पॅनकेक भिंगांत स्पष्टता जवळजवळ कडेपर्यंत टिकते, त्यामुळे मान न हलवता केवळ नजर खाली टाकून वेगमापक पाहता येतो. क्वेस्ट ३ मध्ये पॅनकेक भिंगे आहेत. त्याच कुटुंबातील स्वस्त क्वेस्ट ३एस मध्ये फ्रेनेल भिंगे आणि क्वेस्ट २ इतकेच, म्हणजे प्रति डोळा १८३२ गुणिले १९२० पिक्सेल आहेत. नावांतील साम्यामुळे दोघांना एकच समजू नये. माझ्या मते, सिम्युलेटरच पुष्कळ खेळणाऱ्या माणसाने या दोघांतला किमतीचा फरक सोसावा.

पडद्याच्या तंत्रात रात्रीचे उड्डाण हा खरा कस आहे. एलसीडी पडद्यावर काळा रंग राखाडी दिसतो, तर ओलेड आणि मायक्रो-ओलेड पडद्यांवर काळोख खरोखर काळोख असतो आणि धावपट्टीचे दिवे त्यात उठून दिसतात. प्लेस्टेशन व्हीआर २ मध्ये ओलेड पडदा आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या अधिकृत अडॅप्टरमुळे तो संगणकालाही जोडता येतो. मात्र संगणकावर त्याचे एचडीआर (उजळ-काळोखाचा फरक अधिक ठळक दाखवणारी सोय) आणि नजरेचा मागोवा घेणारी सोय अधिकृतपणे मिळत नाही, आणि अडॅप्टरव्यतिरिक्त ब्लूटूथ व डिस्प्लेपोर्ट १.४ लागतात. बिगस्क्रीन बियाँड या हेडसेटमध्ये मायक्रो-ओलेड पडदे आहेत आणि पहिल्या आवृत्तीचे वजन अवघे १२७ ग्रॅम आहे, जे तीन तासांच्या उड्डाणात मानेला जाणवते. पण त्याला खोलीत बसवायची बेस स्टेशने (हेडसेटचे स्थान ओळखण्यास मदत करणारी उपकरणे) वेगळी घ्यावी लागतात, हे एकूण खर्चात धरावे.

हेडसेट संगणकाला कसा जोडला जातो, हाही भेद मूलभूत आहे. पायमॅक्स किंवा बिगस्क्रीन यांसारखे हेडसेट डिस्प्लेपोर्टने जोडले जातात आणि चित्र त्यांच्यापर्यंत थेट जाते. क्वेस्ट मालिकेत संगणक चित्राचा व्हिडिओ तयार करून यूएसबी किंवा वाय-फायने पाठवतो आणि हेडसेट तो पुन्हा उलगडतो. यात थोडा विलंब होतो, ग्राफिक्स कार्डावर थोडे जास्त काम पडते आणि झाडीसारख्या बारीक तपशिलांत कधीकधी ठिगळे दिसतात. बहुतेकांना याची सवय होते, पण स्पर्धात्मक शर्यतीत थेट जोडणीला झुकते माप द्यावे.

वापरलेला हेडसेट घेणाऱ्यांना एक इशारा आवश्यक आहे. एचपी रिव्हर्ब जी२ हा एके काळी सिम्युलेटरवाल्यांचा लाडका होता आणि त्याचे चित्र आजही चांगले आहे. पण तो विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी या मायक्रोसॉफ्टच्या व्हीआर प्रणालीवर अवलंबून आहे आणि मायक्रोसॉफ्टने ती प्रणाली विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून काढून टाकली. कितीही स्वस्त मिळाला तरी हे ठाऊक असल्याशिवाय तो घेऊ नये.

डोक्यावर नीट बसवणे

चित्र पुसट आहे अशी जी तक्रार होते, तिचे कारण बऱ्याचदा सेटिंगमध्ये नसून पट्ट्यांत असते. डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतर आधी मिलिमीटरमध्ये मोजून घ्यावे; चष्म्याच्या दुकानात ते काही क्षणांत मोजून मिळते. मग हेडसेटवरील चक्र किंवा सेटिंग त्या आकड्यावर आणावे. क्वेस्ट ३एस सारख्या हेडसेटमध्ये या अंतराची तीनच स्थाने असतात, तेव्हा आपले अंतर त्यांपैकी एखाद्याच्या जवळ येते का, हे खरेदीपूर्वीच पाहावे. त्यानंतर मागची पट्टी डोक्याच्या मागील उंचवट्याखाली बसवून, समोरचा भाग किंचित वर-खाली सरकवत सर्वांत स्पष्ट जागा शोधावी आणि मगच पट्ट्या आवळाव्यात. वजन गालांवर येत असेल तर वरची पट्टी सैल आहे.

चष्मा वापरणाऱ्यांनी नंबराची स्वतंत्र भिंगे बसवून घेणे उत्तम, कारण चष्म्याच्या काचेने हेडसेटच्या भिंगावर पडलेला ओरखडा कायमचा असतो. व्हीआरमधले सारे जग डोळ्याला एक ते दोन मीटरच्या आसपासच्या एकाच अंतरावर भासते. त्यामुळे दूरचे धूसर दिसणाऱ्यांना बहुधा नंबर लागतो, पण केवळ वाचनासाठी चष्मा लागणाऱ्यांचे काम बऱ्याचदा त्यावाचून भागते.

जोडणी आणि सॉफ्टवेअर

यूएसबी केबल संगणकाच्या मागील पोर्टमध्ये थेट लावावी, हबमधून नेऊ नये, आणि विंडोजमधील यूएसबीची वीजबचत बंद करावी. अधूनमधून जोडणी तुटण्यामागे बहुधा हेच कारण निघते. वाय-फाय वापरायचे असेल तर संगणक राउटरला तारेनेच जोडावा आणि राउटर त्याच खोलीत ५ किंवा ६ गिगाहर्ट्झवर चालवावा. कॅमेऱ्यांनी स्वतःचे स्थान ओळखणाऱ्या हेडसेटना खोलीत पुरेसा प्रकाश लागतो, म्हणून वातावरणनिर्मितीसाठी दिवे मालवण्याचा मोह टाळावा. खुर्चीखाली हलणारा मंच असणाऱ्यांना वेगळीच अडचण येते: मंचाची हालचालही हेडसेट डोक्याची हालचाल समजतो आणि तिची भरपाई करणारे वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागते.

सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत गोंधळाची गोष्ट म्हणजे ओपनएक्सआर. खेळ आणि हेडसेट यांच्यामधला हा सामाईक दुवा आहे आणि एका वेळी संगणकावर त्याचा एकच रनटाइम (हा दुवा प्रत्यक्ष चालवणारे सॉफ्टवेअर) सक्रिय असतो. क्वेस्ट वापरताना तो मेटाचा किंवा व्हर्च्युअल डेस्कटॉप या वायरलेस जोडणीच्या अॅपचा असावा. तो स्टीमव्हीआर या व्हॉल्व्ह कंपनीच्या व्हीआर सॉफ्टवेअरचा राहिला तर चित्र एका अनावश्यक टप्प्यातून फिरून येते आणि फ्रेम खर्ची पडतात. ओपनएक्सआर न जाणणाऱ्या जुन्या खेळांसाठी ओपनकंपोझिट हे छोटे सॉफ्टवेअर स्टीमव्हीआरला बगल देण्याचे काम करते.

ग्राफिक्सची मांडणी करताना आधी फ्रेमचे उद्दिष्ट ठरवावे. विमानासाठी ७२ हर्ट्झ स्थिर मिळाले तरी पुरे. रेसिंगसाठी ९० गाठावेत. सर्व सेटिंग मध्यमपेक्षा खाली ठेवून, रेंडर रिझोल्यूशन मात्र शक्य तितके वर न्यावे, कारण वाचनीयता तेथूनच येते. मग सावल्या, ढग, प्रतिबिंबे, आरसे आणि दिसणाऱ्या गाड्यांची संख्या यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवून, त्याच गर्दीच्या प्रसंगात फ्रेमला लागणारा वेळ पाहावा. सरासरी फ्रेमसंख्येवर विश्वास ठेवू नये. ती ९० दिसत असूनही मधल्या काही फ्रेम २० मिलिसेकंद घेत असतील तर तो अनुभव वाईटच असतो.

डीएलएसएसने (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करणाऱ्या एनव्हीडियाच्या तंत्राने) भार बराच हलका होतो, पण हलत्या आकड्यांमागे पुसट शेपूट दिसू शकते. डिजिटल पडद्यांच्या विमानात हे खटकते, सुयांच्या जुन्या मापकांत फारसे नाही. निम्म्या फ्रेम खऱ्या आणि निम्म्या अंदाजाने भरलेल्या, म्हणजे ४५ च्या ९० करणाऱ्या सोयीही असतात. उड्डाणात त्या चालून जातात, जरी प्रोपेलरभोवतीचे चित्र विरघळल्यासारखे दिसते. रेसिंगमध्ये मात्र त्या बंद करून चित्राचा दर्जा उतरवणे मला अधिक रास्त वाटते, कारण प्रतिक्रियेचा विलंब तेथे परवडत नाही. नजर ओळखणारा हेडसेट असेल, तर डीसीएसमध्ये जिथे पाहतो तेवढाच भाग पूर्ण तपशिलाने काढण्याची पद्धत वापरता येते आणि तिने वाचणारी ताकद लक्षणीय असते.

खुर्चीत बसल्यानंतर

डोळ्यांवर हेडसेट चढला की कीबोर्ड दिसत नाही, हे लक्षात घेऊन वारंवार लागणाऱ्या सर्व आज्ञा स्टिअरिंगच्या किंवा जॉयस्टिकच्या बटणांवर आणाव्यात. त्यांत पहिला मान दृश्य पुन्हा केंद्रात आणणाऱ्या बटणाचा. रोज चालवण्याच्या नेहमीच्या स्थितीत बसून, समोर पाहत ते दाबावे. मग खेळातील आसनाची उंची आणि अंतर असे जुळवावे की हात पुढे करताच खरे स्टिअरिंग चित्रातल्या स्टिअरिंगच्या जागीच लागेल. कॉकपिट खेळण्यातले किंवा अवाढव्य वाटत असेल तर बाहुल्यांमधील अंतराचे आणि जगाच्या प्रमाणाचे सेटिंग तपासावे.

पहिल्या काही दिवसांत सत्रे छोटी ठेवावीत आणि मळमळीची पहिली चाहूल लागताच थांबावे. नेटाने पुढे खेळल्याने सवय लागत नाही, उलट शरीर हेडसेटलाच नकार देऊ लागते. कॅमेऱ्याचे हादरे बंद करावेत, रेसिंगमध्ये क्षितिज स्थिर ठेवण्याची सोय चालू करावी आणि समोरून पंख्याचा झोत घ्यावा.

भिंगे कोरड्या मायक्रोफायबर कापडानेच पुसावीत आणि हेडसेट कधीही खिडकीसमोर उघडा ठेवू नये, कारण भिंगांतून एकवटलेले ऊन थोड्याच वेळात पडद्यावर कायमचा डाग पाडते. मांडणी एकदा मनासारखी जमली की सर्व सेटिंगची नोंद करून ठेवावी. ड्रायव्हर किंवा हेडसेटचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यानंतर कामगिरी अचानक खालावली, तर ग्राफिक्सला हात लावण्यापूर्वी ओपनएक्सआरचा सक्रिय रनटाइम बदलला गेला आहे का, ते पाहावे.