एमए-एमएस्सीला ॲडमिशन झालं, आता पहिल्या सेमिस्टरला काय काय करायचं

दरवर्षी पावसाळ्यात गणेशखिंडला विद्यापीठात नांदेड, बीड, धुळे, सोलापूर कुठून कुठून पोरंपोरी मास्टर्सला येतात आणि पहिले काही आठवडे झेरॉक्सचं दुकान ते ऑफिसची खिडकी एवढ्यातच जातात. कागदपत्रं लागतातच, त्याला इलाज नाही, पण त्या धावपळीत अभ्यासाची सुरुवात राहून जाते आणि मग थेट तिसऱ्या सेमिस्टरला प्रोजेक्टचा टॉपिक मागितला की धांदल उडते. मी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण मुंबई, कोल्हापूर, संभाजीनगर कुठेही असाल तरी बरंचसं असंच आहे.

आधी कागद उरकून घेऊ. टीसी, दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन आणि एलिजिबिलिटीचा फॉर्म, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं ॲफिडेव्हिट, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला. टीसी आणि मायग्रेशन ओरिजिनलच जमा होतं, म्हणून द्यायच्या आधी रंगीत स्कॅन करून स्वतःला मेल करून ठेवा. आणि उत्पन्नाचा दाखला गाव सोडायच्या आधीच काढा हो, त्याला तलाठ्याचा अहवाल लागतो, पुण्यात बसून ते काम होत नाही, घरच्यांना हेलपाटे पडतात. तारीख नीट बघा, दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, मागच्या वर्षीचा दाखला जोडला की अर्ज परत येतो.

स्कॉलरशिपचं सगळं महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर होतं. एससी, ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी सगळ्यांच्या योजना तिथेच आहेत, आणि ओपनमधल्या पोरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत पाहिजे, पण आपला कोर्स यादीत आहे का ते आधी तपासा. फॉर्म सबमिट केला म्हणजे झालं असं समजू नका. तो पुढे कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथल्या क्लार्कने तपासून पुढे पाठवल्याशिवाय हलत नाही, म्हणून अधूनमधून लॉगिन करून स्टेटस बघत राहा आणि अडकलेला दिसला तर प्रिंट घेऊन सरळ त्या टेबलाशी जा, नम्रपणे विचारा, काम होतं. दुसरं म्हणजे आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे यायला बँकेचं खातं आधारला जोडणं. पैसे तुम्ही फॉर्ममध्ये दिलेल्या खात्यात नाही तर ज्या बँकेला आधार सीड केलेलं आहे तिथे जातात, आणि बरीच पोरं पुण्यात आल्यावर नवीन खातं उघडतात, त्याला आधार जोडतात, मग जुन्या खात्यात पैसे आले नाहीत म्हणून महिनोनमहिने वाट बघत बसतात. आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअल करायचं असतं ते विसरू नका.

एससी आणि नवबौद्ध मुलामुलींना सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे, पुणे-मुंबई-नागपूरसारख्या शहरात वर्षाला एकूण ६०,००० रुपये मिळतात, जेवण, राहणं आणि निर्वाह धरून. ज्यांचं यात बसतं त्यांनी नक्की भरा, माहिती नसल्यामुळेच कितीतरी जण राहून जातात. विद्यापीठात कमवा व शिका योजना पण आहे, लायब्ररीत किंवा डिपार्टमेंटमध्ये रोजचे काही तास काम असतं, मेसचा खर्च तरी सुटतो. त्यात काही कमीपणा नाही. हॉस्टेलची यादी लागेपर्यंत औंध, खडकी, शिवाजीनगर बाजूला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटचं भाडं देऊन राहा, पण डिपॉझिट देताना पावती घ्या.

आता अभ्यासाचं. २०२३-२४ पासून नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे दोन वर्षांचं मास्टर्स ८८ क्रेडिटचं झालंय, सेमिस्टरला २२. पहिल्या सेमिस्टरला रिसर्च मेथडॉलॉजीचा, म्हणजे संशोधन कसं करायचं याचा, ४ क्रेडिटचा पेपर, दुसऱ्याला ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट, तिसऱ्याला ४ आणि चौथ्याला ६ क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट. (पहिल्या वर्षानंतर काही कारणाने सोडावं लागलं तर पीजी डिप्लोमा मिळतो, हे घरी सांगून ठेवा, जरा धीर येतो.) हे गणित एकदा वहीत मांडून बघा म्हणजे कळेल की मेथडॉलॉजी, फील्ड आणि प्रोजेक्ट हे एकाच धाग्यात आहेत, आणि ज्याने पहिल्या सेमिस्टरला एक विषय मनात धरला त्याची पुढची दीड वर्षं त्याच विषयात मुरतात. ज्याने धरला नाही तो प्रत्येक वेळी शून्यातून सुरू करतो. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय.

विषय धरायचा म्हणजे काय? समजा तुम्ही अर्थशास्त्राला आहात आणि गाव निफाड तालुक्यातलं आहे. 'महाराष्ट्रातील कांदा उत्पादकांच्या समस्या' हा विषय कोणी पण देईल आणि त्यात काहीच हाती लागणार नाही. त्याऐवजी असं बघा, लासलगावच्या बाजारात कांदा आला तेव्हा भाव काय होता आणि निर्यातबंदी लागल्यावर पुढच्या काही आठवड्यांत काय झाला, एवढंच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लागली होती, मे २०२४ मध्ये उठली. रोजचे भाव ॲगमार्कनेटच्या साइटवर फुकट मिळतात, एक्सेलमध्ये ओढून घ्या, तारखेप्रमाणे एक रेघ काढा आणि ती रेघ कुठे वाकते ते बघा. मग गावाकडे गेलात की चार-पाच शेतकऱ्यांना विचारा, तेव्हा माल कांदाचाळीत साठवून ठेवला होता की विकला आणि का. बघा, आकडे पण आले, माणसं पण आली, आणि प्रश्न एवढा छोटा झाला की सहा महिन्यांत उत्तर देता येईल. मराठीवाल्यांनी, इतिहासवाल्यांनी, केमिस्ट्रीवाल्यांनी आपापल्या ठिकाणी हेच करायचं, विषय जेवढा बारीक तेवढं काम खरं होतं.

टॉपिक शोधताना तीन जागा धुंडाळा. एक, शोधगंगा, तिथे देशभरातले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात, आपल्या विषयावर कोणी काय केलंय ते बघायचं आणि प्रबंधाच्या शेवटी 'पुढील संशोधनाच्या दिशा' असं प्रकरण असेल तर ते आधी वाचायचं. दोन, जयकर ग्रंथालय, आपल्या कॅम्पसवरच आहे, कार्ड पहिल्याच आठवड्यात काढून घ्या आणि नुसतं रीडिंग हॉलला जाऊन स्वतःची पुस्तकं वाचत बसू नका, कपाटांमधून फिरा, जर्नल्सचे जुने अंक काढून बघा. तीन, शहरातली बाकीची ग्रंथालयं. समाजशास्त्रं-अर्थशास्त्रवाल्यांसाठी गोखले इन्स्टिट्यूट, जुना इतिहास आणि संस्कृतवाल्यांसाठी भांडारकर, पुण्यात राहून हे दारात असताना न जाणं म्हणजे फार नुकसान आहे. स्वतःच्या जिल्ह्यावर काम करायचं असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' बघाच, तालुकावार आकडे असतात.

मराठी मीडियमच्या पोरांना पहिला धक्का इंग्लिश आर्टिकलचा बसतो. वीस पानांचा पेपर पहिल्या ओळीपासून डिक्शनरी घेऊन वाचायला गेलात तर तिसऱ्या पानावर झोप येणार. आधी सुरुवातीचा सारांश वाचा, मग थेट शेवट वाचा, मग टेबलं आणि त्यांच्या खालच्या ओळी, आणि वहीत मराठीत तीन वाक्यं लिहा, यांनी काय विचारलं, कसं शोधलं, काय सापडलं. एवढं जमलं की मग गरज असेल तरच मधला भाग वाचा. आठवड्याला दोन पेपर असे केले तरी सेमिस्टर संपेपर्यंत विषयाची इंग्लिश आपोआप ओळखीची होते. उत्तरपत्रिका मराठीत लिहायची मुभा सामाजिक शास्त्रांत बऱ्याच ठिकाणी असते, डिपार्टमेंटला विचारून घ्या, पण वाचन इंग्लिशमध्येच करावं लागेल, ते टाळू नका. जे वाचलं त्याचा संदर्भ त्याच दिवशी झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, फुकट आहे, शेवटी संदर्भसूची करताना रात्र जागवायला लागत नाही.

सरांशी, मॅडमशी बोलायची भीती वाटते हे मला माहितीये, विशेषतः जिथे बीएला शिक्षकांसमोर मान खाली घालून उभं राहायची सवय लागलीये तिथून आल्यावर. पण मास्टर्सला शिक्षक स्वतःहून हाताला धरून नेत नाहीत, तुम्ही गेलं पाहिजे. मोठा मेल नको, एवढं पुरे होतं: 'नमस्कार मॅडम, मी एमए पहिल्या वर्षाला आहे. लासलगावच्या कांद्याच्या भावावर काम करायचा विचार आहे, दोन पेपर वाचलेत. मला निर्यातबंदीचा परिणाम मोजायचा कसा हे कळत नाहीये. या आठवड्यात १० मिनिटं भेटता येईल का?' बघा यात काय वाचलं ते आहे आणि कुठे अडलंय ते आहे, असा मेल आला की बहुतेक शिक्षक वेळ देतातच. 'सर टॉपिक सुचवा' एवढंच लिहून पाठवलं तर मात्र काही होत नाही.

इंटर्नलला हलक्यात घेऊ नका, कॅम्पसवरच्या डिपार्टमेंटमध्ये निम्मे मार्क तिथेच असतात. आणि मार्कांचं महत्त्व नुसत्या मार्कशीटपुरतं नाहीये, नेट-सेटला, म्हणजे प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षांना, मास्टर्सला ५५% लागतात, राखीव प्रवर्गाला ५०%. थोडक्यात हुकलं तर दोन वर्षांची मेहनत असूनही प्राध्यापकीचा रस्ता अडतो. नेट वर्षातून दोनदा होते, शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते, जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत, पण तिला वयाची ३० वर्षांची अट आहे. सेटला वयाची अट नाही आणि महाराष्ट्र-गोव्यासाठी ती आपलं विद्यापीठच घेतं. म्हणून पहिल्या सेमिस्टरलाच नेटचा सिलॅबस डाउनलोड करून आपल्या पेपरांशेजारी ठेवा, जे टॉपिक दोन्हीकडे आहेत त्यांच्या नोट्स एकदाच पण नीट काढा, आणि मागच्या नेटचे प्रश्न दर रविवारी तासभर सोडवत राहा.