ऑर्डरचं स्टेटस आपोआप बदललं तेव्हा

नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवली आणि तासाभरात फोन आला: रद्द केलेल्या ऑर्डरी 'पाठवली' दाखवतायत. लॉगमध्ये एररचा मागमूस नाही. टेबल उघडलं, तर स्टेटसच्या रकान्यात कालही ३, आजही ३च! मग लक्षात आलं. मी ईनममध्ये, म्हणजे कोडमधल्या ठरावीक पर्यायांच्या यादीत, 'पैसे भरले' आणि 'पाठवली' यांच्या मधोमध 'पॅक केली' घुसवलं होतं. वेगळं सांगितलं नाही, तर जेपीए (जावातला डेटा डेटाबेसमध्ये साठवण्याची पद्धत) ईनमचं नाव नाही, क्रमांक साठवतं, तोही ० पासून मोजून. ३ चा अर्थच एक घर सरकला होता.

आधी जुनी आवृत्ती परत आणली. मग त्या फील्डच्या अ‍ॅनोटेशनमध्ये (कोडमध्ये फील्डला जोडलेल्या सूचनेत) स्ट्रिंग, म्हणजे 'नावच साठव', असं दिलं, मजकुराचा नवा रकाना जोडून जुन्या क्रमाने नावं भरली. त्या तासाभरात नव्या क्रमाने साठलेल्या नोंदी मात्र एकेक करून हाताने तपासल्या; सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.